आतून लावलेला टॉवेल

६ फेब्रुवारी, दुपार

हे पत्र आईचं नाही, माझं आहे. फोन तेवढा तिचा. वाचायचं नसेल तर इथेच थांब, मला कळणारही नाही. कळेल म्हणा. त्या दोन निळ्या खुणा कशाच्या असतात हे मला आता माहीत झालंय.

हाताने लिहून त्याचा फोटो काढून पाठवतोय. तिच्या फोनवरून सरळ तुला फोन लावता आला असता. पण तू तो "हां, बोल आई" म्हणून उचलला असतास, आणि त्यापुढे काय बोलायचं ते मला सुचलं नसतं.

आईला काल संध्याकाळी दवाखान्यात दाखल केलंय. श्वास लागला. घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मी स्वतःच इतका घाबरलोय की ते वाक्य माझ्या हातून नीट उमटेना, दोनदा खोडलं.

काल सकाळी ती मशीनवर बसून गिऱ्हाइकाच्या उशांना कडेची पायपिंग लावत होती. मी म्हणालो, कोपरा जरा गोल आलाय. ती म्हणाली, "उशी आहे ना? कोपऱ्यावर डोकं ठेवून कोण झोपणार आहे?" हे अकराच्या सुमाराचं बोलणं. आणि दुपारी तिला एक आख्खं वाक्य बोलता येईना. एक शब्द, मग श्वास, मग एक शब्द. ओठ शाई लागल्यासारखे. रिक्षात माझा हात तिने असा धरला होता की अजून बोटं दुखतायत.

इथे तिला घट्ट मास्क लावलाय, त्यातून जोराने ऑक्सिजन सोडतात. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसं धुरकट दिसतात, काचेवर वाफ धरावी तशी. छातीच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत, मला काका म्हणतात. मला ते आवडत नाही, पण भांडायची ही वेळ नाही. त्यांचं म्हणणं जंतुसंसर्ग असावा. सध्या हवेत काय काय असतं. मलाही तसंच वाटतं.

त्यांनी विचारलं, "काका, घरात काही फवारलं होतं का? रंग, डासांचं औषध, काही?"

मी सांगितलं, "घरात केमिकलचा थेंबही ठेवत नाही. जे काय आहे ते खाली कारखान्यात, आणि तिथे ते शिस्तीत असतं." हे शब्दशः खरं आहे.

आत्या आलीये. आल्या आल्या मला म्हणाली, "अरे, मधल्या खोलीत बसली होती की स्वयंपाकघरात? काय करत होती? तोंडात काय खिळे धरलेत का? बोल की." तुला माहीतच आहे, सोफ्याला कापड ठोकताना आम्ही खिळे ओठांत धरतो. त्या कामाचं एक बरं असतं, कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यावं लागत नाही.

मधल्या खोलीत बसली होती. मी तिला तिथेच बघितलं.

७ फेब्रुवारी, सकाळ

काल तू आत्याला फोन केलास. आत्याला फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, त्यामुळे तुझं बोलणं सगळ्या बाकावर ऐकू गेलं. "आत्या, बाबांना विचार, काय मारलं आणि कुठल्या खोलीत मारलं." तू 'मारलं' का असं विचारलं नाहीस. 'काय' आणि 'कुठे' एवढंच विचारलंस. म्हणजे निकाल आधीच लागला होता, पुरावा तेवढा बाकी होता.

मला राग आला हे लपवत नाही. मी हे काम कुणाच्या शाळेत शिकलो नाही. डब्यावरची लेबलं वाचून, उंची मालाच्या जुन्या खुर्च्या उसवून, बिघडवून आणि परत करून शिकलो. इतकी वर्षं मी हे सगळं हुंगतोय. मला काही झालं नाही, आणि तुझ्या आईला वरच्या मजल्यावर बसून होईल? हे मी आत्याला तिथल्या तिथे ऐकवलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? फोन अजून चालू आहे." तोवर तू ठेवला होतास.

आता पुढचं. पहाटे तिचा श्वास आणखी खाली गेला. मास्क पुरेना. घशातून नळी घातली, आता यंत्र तिच्यासाठी श्वास घेतंय. मी काचेतून बघतो. छाती वर जाते, खाली येते, इतकी एकसारखी की ती तिची वाटत नाही. माणूस एकसारखा श्वास कधी घेत नाही गं. ती तर मुळीच नाही, ती झोपेतसुद्धा मध्येच एक उसासा टाकते.

रक्तात जंतू सापडले नाहीत. औषधांचा उपयोग दिसत नाही. म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसाचा एक भाग धुऊन बघू या. यात धोका आहे, पण काय झालंय हेच माहीत नसणं जास्त धोक्याचं. मी सही केली. नळीतून मिठाचं पाणी आत सोडलं आणि परत ओढून घेतलं. ते एका बाटलीत होतं, गढूळ, किंचित गुलाबी. बाईंनी बाटली उजेडाकडे धरली आणि सहज हलवली. मग पुन्हा हलवली. मग नुसत्या बघत राहिल्या.

मी विचारलं, काय बघताय?

"फेस," त्या म्हणाल्या. "निरोगी फुप्फुसातलं पाणी हलवलं की वर फेस धरतं. हे धरत नाहीये. ही काही तपासणी नव्हे काका, तपासणीला ते प्रयोगशाळेत जाईल. प्रथिनं बघतील. पण फेस नाही, हे मला आवडलेलं नाही."

माझ्या हातातला चहाचा कागदी कप वाकला. तुला आठवतं का ते मला माहीत नाही. संशोधनाला गेल्यावर तू पहिल्यांदा सुट्टीला आलीस तेव्हा जेवताना हेच सांगत होतीस. उंदराचं फुप्फुस धुतात, ते पाणी हलवतात, फेस टिकतो का बघतात, त्यावरून आतलं प्रथिन शाबूत आहे का याचा अंदाज येतो. आणि दुसऱ्या दिवशी मी खाली कारखान्यात, गिऱ्हाइकांच्या समोर, मोठ्याने म्हणालो होतो, "आमची मुलगी उंदरांची फुप्फुसं धुते म्हणे. इथे सोफे धुवायची लाज वाटली होती तिला." लोक हसले. तू जिन्यात उभी होतीस हे मला नंतर कळलं. त्यानंतर तू या घरात जेवली नाहीस.

आज ती बाटली घेऊन एक मुलगा गेला, आणि मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. सांभाळून ने, असं मी त्याला सांगितलं. हलवू नकोस म्हणालो.

एक दुरुस्ती करायची आहे. आई मधल्या खोलीत नव्हती. तुझ्या खोलीत होती.

७ फेब्रुवारी, दुपार

केमिकलचा डबा कारखान्यातून आणून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि मग हे लिहायला बसलो. आधी त्यांना, मग तुला. क्रम एवढा तरी बरोबर लागला.

त्यांनी लेबल वाचलं. पहिल्यांदा पटकन, मग बोट ठेवून. मग म्हणाल्या, "काका, काल मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं.

आता तुला पहिल्यापासून सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही.

तुझी खुर्ची आठवते ना, खिडकीजवळची, जिच्या हातावर कप ठेवून तू वाचायचीस आणि हमखास सांडायचीस? तिचं कापड फाटलं तेव्हापासून ती तशीच होती. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं मग, असं मी म्हणत आलो. महिनाभर मी ती गुपचूप करत होतो. स्प्रिंगा बांधल्या, नवा फोम, वर फिकट बदामी कापड. इतका फिकट रंग मी गिऱ्हाइकाला कधीच देत नाही, पण तुला तोच आवडतो. आईला सांगितलं नव्हतं. तिने लगेच तुला कळवलं असतं, आणि मग ते माझ्याकडून आहे असं झालं असतं.

फिकट कापड आणि तुझा चहा. म्हणून मी कापडाला डाग न धरण्याचं द्रावण आणलं. त्याने कापडावर एक न दिसणारा थर बसतो, थेंब पडला की गोळी होऊन घरंगळतो. मुद्दाम बिनवासाचं घेतलं, खोलीला वास राहू नये म्हणून. मला वाटायचं की ज्याला वास नाही त्यात काही नाही. माझा सगळा कारभार नाकावर चालतो, हे तुला ठाऊक आहे.

खुर्ची मी आधीच वर नेऊन ठेवली होती. एकदा चढवली की पुन्हा खाली आणायची नव्हती, जिन्यात घासते. म्हणून फवारणीची गन वर नेली. आणि त्या गनला माझं नोझल लावलं. ते पितळी. मी स्वतः घडवलेलं. तुला ते लहानपणी हातात घेऊ द्यायचो नाही. त्यातून धुकं निघतं. शेजारच्या कारखान्यातले लोक बघायला यायचे, आरशावर मारून दाखवायचो, थेंब दिसायचा नाही, नुसता आरसा मंद व्हायचा.

डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: ब्रशने लावा. फवारू नका. हवा खेळती ठेवा.

मी हे वाचलं होतं. मी वाचतो म्हणून तर मला गर्व आहे. वाचून मनात म्हणालो, हे नवशिक्यांसाठी असतं.

ब्रशने रेघा उठतात. म्हणून फवारलं. हवा खेळती ठेवली तर धूळ येऊन ओल्या थरावर बसते, म्हणून खिडकी बंद केली, फटींना कागदी पट्टी लावली, पंखा बंद. तोंडाला माझा डबल फिल्टरचा मास्क. काम झाल्यावर बाहेर आलो आणि दाराखाली ओला टॉवेल दाबला, नेहमीसारखा. मग गन धुवायला खाली गेलो.

या घरात ओला टॉवेल दाराशी दिसला म्हणजे आत फिनिशचा थर ओला आहे, एवढं सगळ्यांना पाठ आहे. आई वर आली, तिला तुझ्या खोलीच्या दाराशी टॉवेल दिसला. तुझ्या खोलीत माझं काय काम, म्हणून तिने दार उघडून बघितलं असणार. आणि खुर्ची दिसली.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिने तुला तिथूनच फोन लावला. ती नेहमी त्याच खोलीत बसून, दार लावून तुझ्याशी बोलते. माझ्यामुळे. मी घरात असलो की तुझा फोन आला तर मी उगाच भांडी वाजवतो, म्हणून.

मी गन धुवून, पुसून, तेल लावून, सुटी करून कापडात गुंडाळून वर आलो. बाहेरचा टॉवेल जागेवर नव्हता. दार ढकललं तर उघडेना. जड लागलं. खांदा लावला. टॉवेल आतल्या बाजूने दाबलेला होता. पायाने, नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फट न ठेवता. मी शिकवलंय तसा.

आत तुझी आई जमिनीवर बसली होती, खुर्चीजवळ. खुर्चीवर नाही. कापड ओलं आहे हे तिला कळलं होतं. हात लागू नये म्हणून दोन्ही हात पदरात घेतले होते.

तिने दार बंद केलं ते तुझ्याशी बोलायला. पण तो टॉवेल माझ्या फिनिशवर धूळ बसू नये म्हणून लावला. मोकळ्या दारातून थोडी तरी हवा आली असती. हे मला परवा दुपारपासून दिसतंय. डोळे मिटले तरी दिसतंय, उघडले तरी दिसतंय, समोर भिंत असली तरी दिसतंय. मी कुणाला सांगू शकलो नाही कारण सांगायला लागलो की टॉवेलपाशी पोचावं लागतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. तुझ्यापुढे मी हे काय सांगणार, पण मला कसं समजलं ते सांगतो. फुप्फुसात अगणित बारीक फुगे. प्रत्येकाच्या आतून एक पातळ ओला थर. स्निग्ध पदार्थ आणि त्यात थोडी प्रथिनं. प्रथिनं थोडीच, पण तीच थराला पसरवतात, श्वास सोडला तरी फुगा मिटू देत नाहीत. मी फवारलेलं धुकं आत जाऊन त्या थरावर बसलं. त्याने ती प्रथिनं कामातून घालवली. फुगे मिटले. मग रक्तातली दुसरी प्रथिनं गळून आत यायला लागली, जी तिथे असायला नकोत, आणि उरलासुरला थर त्यांनी बिघडवला.

मी विचारलं, "म्हणजे आतून फिनिश असतं?"

त्या म्हणाल्या, "असं म्हणा हवं तर."

मला पुढचं कुणी समजावायची गरज पडली नाही. पॉलिशवर असलं पाणी झटकणारं द्रव्य चुकून उडालं तर काय होतं ते मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय. थर मागे सरतो. जागोजाग खड्डे पडतात. कितीही वरून मारा, धरत नाही. सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं.

"मग आता हे खरवडून काढायचं का?" असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही काका. आता वाट बघायची."

बाईंनी आणखी एक सांगितलं. मोठे थेंब नाकात-घशात अडकतात, जमिनीवर पडतात. खोल जातात ते अगदी बारीक. साध्या गनने मारलं असतं तर बहुतेक खाली बसलं असतं. इतकं बारीक कसं काय झालं, असं त्यांनी मला विचारलं.

८ फेब्रुवारी

तू काल डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ बोललीस असं कळलं. माझ्याशी नको, पण त्यांच्याशी बोललीस हे बरं केलंस. आता कारण कळल्यामुळे जंतूंची औषधं थांबवली, सूज उतरवायचं औषध सुरू केलंय. आत्या म्हणाली, "डॉक्टरीणबाई फोनवर 'हो मॅडम, हो मॅडम' करत होत्या." तिचं अर्धं धरायचं, पण तरी लिहिलं.

आत्याला सगळं सांगितलं. तिने पिशवीतून जेवणाचा डबा काढला. मग म्हणाली, "तुझ्या टापटिपीचं मला लहानपणापासून भय वाटायचं. आई म्हणायची, गुणाचा आहे." आणि डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी जेवलो. लाज वाटली, पण जेवलो.

आज काही बदल नाही. यंत्र तसंच.

११ फेब्रुवारी

सकाळी यंत्राचा जोर कमी केला. दुपारी आणखी कमी केला. बाई म्हणाल्या, फुप्फुस तो थर स्वतः परत बनवतं. आतल्या काही पेशींचं तेच काम असतं, प्रथिनं घडवून थरात सोडत राहायची. त्या पेशी शाबूत असल्या तर. "आहेत का?" विचारलं तर म्हणाल्या, "तेच बघतोय."

मी काचेशी उभा होतो. यंत्राची लय चालू होती. वर, खाली, वर, खाली. आणि मध्येच छाती एकदा वेगळी हलली. लयीच्या बाहेर. मी नर्सबाईंना ओरडून बोलावलं, मला वाटलं बिघडलं काही. त्या आल्या, पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, तो त्यांचा स्वतःचा श्वास आहे."

तो तिचा उसासा होता.

मी खाली जाऊन पायरीवर बसलो. इतकंच लिहितो.

१४ फेब्रुवारी

नळी काढली. आवाज फाटलाय, पण तिचा आहे. तुझ्याशी बोलली ते मला माहीत आहे, मी मुद्दाम बाहेर गेलो होतो. या वेळी भांडी वाजवायला नाही.

आत गेल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "अहो, खुर्चीला हात नाही लावला मी."

मी म्हणालो, "माहीत आहे."

"डाग नाही ना पडला?"

मला तिच्याकडे बघवेना. मी सांगितलं, ते कापड फाडून काढलं, बांधून टाकलं, खोलीची खिडकी चौकटीसकट काढून ठेवलीये. ती म्हणाली, "चौकट कशाला? नुसती उघडायची." मग दम लागला. मग दम ओसरायची आम्ही दोघांनी वाट बघितली. मी तिच्याबरोबर श्वास घेत होतो हे नंतर माझ्या लक्षात आलं.

फोनवर त्या दिवशी ती तुला काय म्हणाली होती, हे मी तिला विचारलं. मास्क बाजूला करून सांगितलं तिने. "म्हटलं, तुझ्या बाबांना जे बोलायचंय ते बदामी रंगाचं होऊन बसलंय, ये आणि बघ."

"मग ती काय म्हणाली?"

"मला खोकला आला ना."

म्हणजे तुझं उत्तर राहिलंच.

२३ फेब्रुवारी, टपालाने, सोबत एक छोटं पार्सल

मोजपट्टी,

या नावाने हाक मारायचा हक्क राहिला आहे का माहीत नाही. पण ज्या मुलीने बोलायला लागायच्या आधी माझी टेप गळ्यात घालून घरभर फिरत दाराची, मांजराची, आत्याच्या नाकाची मापं घेतली, तिला दुसरं काय म्हणू?

तुझा निरोप आला. इतक्या काळानंतर तुझा थेट मला आलेला पहिला निरोप. "नोझलचं छिद्र किती? हवेचा दाब किती होता? खोली किती वेळ बंद होती?" नमस्कार नाही, खाली नाव नाही. आत्याला दाखवला तर म्हणाली, "बापावर गेलीये मेली," आणि डोळे पुसले.

दाब आणि वेळ वेगळ्या कागदावर लिहिलेत, खोलीची लांबी-रुंदी-उंचीसुद्धा.

आई घरी आहे. जिना एका दमात चढत नाही. मधल्या रुंद पायरीवर एक साधी खुर्ची ठेवलीये, तिथे बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. म्हणते, इतक्या वर्षांत शेजाऱ्यांची इतकी माहिती झाली नव्हती. बाई म्हणाल्या, बराचसा भाग भरून येईल, थोडा कडक राहू शकतो, पुढच्या तपासणीत कळेल. प्रयोगशाळेचा कागद आलाय, त्यात तुझ्या त्या प्रथिनांची नावं आहेत आणि समोर 'घटलेले' असं लिहिलंय. मी तो कागद नीट वाचला. या वेळी लेबल नवशिक्यांसाठी आहे असं वाटलं नाही.

तुझी खुर्ची मी पुन्हा केली. अंगणात, उघड्यावर, पॉलिश ब्रशने. कापड साधं, वर काही मारलेलं नाही. सांडलंस तर डाग पडेल, पडू दे. पॉलिश ओलं असताना वारा आला आणि खुर्चीच्या डाव्या हातावर धूळ बसली. चांगली जाणवते बोटाला. ती घासून काढायला पॉलिशपेपर घेऊन बसलो होतो. आईने मधल्या पायरीवरून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "कचरा बसलाय." म्हणाली, "मग?" मी पॉलिशपेपर ठेवून दिला. ती हसली, हसताना खोकला आला, आणि आम्ही परत थांबलो, आणि थांबून झाल्यावर ती राहिलेलं हसली.

दारातले टॉवेल बंद. गन विकली. नोझल विकलं नाही, मागत होते तरी.

ते पार्सलमध्ये आहे. कापसात गुंडाळलंय. त्यातून निघालेला थेंब किती बारीक असतो आणि किती खोल जातो, हे तुमच्याकडे बघता येत असेल तर बघा. दुसऱ्या कुणाच्या खोलीत ते वापरलं जाण्यापेक्षा तुझ्या टेबलावर बरं. परत पाठवू नकोस.

छिद्राचं तू विचारलंस. मी आजवर सगळ्यांना एक आकडा सांगत आलोय, दशांश चिन्हानंतर दोन अंकांसकट. शेजारच्या कारखान्यातल्या लोकांनी तो भिंतीवर लिहून ठेवला होता. तो आकडा मी कधी मोजलेला नाही. भिंगातून बघितलं आणि ठरवला.

तो इथे लिहीत नाही. तू मोज. आणि जे येईल ते मला कळव, मग मी तोच सांगेन.